फुटबॉल मॅनेजर (एफएम): डिसेंबरपर्यंत सुसाट, जानेवारीत टीम ढेपाळते. आधी काय तपासायचं?

एफएम हा क्लबचा मॅनेजर होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम, आणि त्यातली ही लक्षणं ओळखीची आहेत. ऑगस्टमध्ये नवी टॅक्टिक लावली आणि टीम सुटली. नाताळापर्यंत टेबलात पहिल्या तिनात. बोर्ड खूश, फॅन खूश, मीडिया तुमचं नाव मोठ्या क्लबशी जोडतोय. मग जानेवारीच्या मध्यावर कुठेतरी बिनसतं. घरच्या मैदानावर तळातल्या टीमशी ०-०. पुढच्या मॅचला २६ शॉट मारून ०-१. त्यानंतरच्या मॅचला शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर गोल खाल्ला. तुम्ही फॉर्मेशन बदलता, परत बदलता, स्ट्रायकरला झापता, तो रुसतो, आणि घड्याळात पाहावं तर रात्रीचे दोन वाजलेले.

फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते आणि दर हंगामात ती नव्याने होते. खाली लिहिलंय ते एफएम २४ समोर ठेवून. एफएम २५ फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच झाला, त्यामुळे बरेच जण अजून २४ वरच आहेत. २६ वाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

टॅक्टिक ‘एक्स्पायर’ होत नाही

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे एआयने (समोरच्या टीम चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) तुमची टॅक्टिक ‘क्रॅक’ केली. आतमध्ये कुठलंतरी घड्याळ आहे, वीस मॅच झाल्या की ते वाजतं आणि टॅक्टिक निकामी होते, असं लोक छातीठोकपणे सांगतात. एवढं गूढ काही नाही. बदलते ती समोरच्याची तुमच्याकडे बघण्याची नजर.

हंगामाच्या सुरुवातीला तुमचा क्लब दुबळा धरलेला असतो. समोरचा मॅनेजर जिंकायला येतो, त्याचे फुलबॅक (कडेचे डिफेंडर) वर चढतात, मागे मैदान मोकळं पडतं. तुमचं गेगेनप्रेस (बॉल गेला की लगेच समोरच्यावर तुटून पडणं), उंच डिफेन्सिव्ह लाइन (डिफेंडर पुढे सरकवून उभे करणं) आणि वेगवान टेम्पो याच मोकळ्या जागेवर जगत असतात. तुम्ही जिंकत जाता तशी क्लबची प्रतिष्ठा वाढते, मॅचआधीच्या ऑड्समध्ये तुम्ही फेव्हरिट दिसायला लागता, आणि तोच मॅनेजर आता एक पॉइंट घेऊन घरी जायच्या इराद्याने येतो. पाच डिफेंडर, त्यांच्यापुढे चार जण, सगळे स्वतःच्या बॉक्सच्या तोंडाशी. तुमची टॅक्टिक तीच आहे, फक्त तिला लागणारी जागा गायब झालीय.

खऱ्या फुटबॉलमध्येही हेच होतं. लेस्टरने २०१५-१६ मध्ये ५०००-१ चा भाव असताना प्रीमियर लीग जिंकली. पुढच्या हंगामात कोणी त्यांना मागची जागा द्यायला तयार होईना. फेब्रुवारी २०१७ मध्ये मॅनेजर रानिएरींना काढलं आणि टीम बाराव्या नंबरवर थांबली. शेफील्ड युनायटेड २०१९-२० मध्ये खालच्या लीगमधून वर येऊन नववे आले, पुढच्या वर्षी शेवटचे. दोन्हीकडे इतर कारणंही होती, पण समोरच्यांनी तुम्हाला गंभीरपणे घेणं हे मोठं कारण होतं.

तपासणी एक: हरलेली मॅच पुन्हा बघा, नीट

आपण सगळे मॅच ‘की हायलाइट्स’वर बघतो. त्यात गोल दिसतात, कारण दिसत नाही. तळातल्या टीमशी फसलेली एक मॅच उघडा, हायलाइट्स ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’वर ठेवा आणि फक्त पहिला हाफ बघा. बॉल आपल्या सेंटर बॅककडे असताना समोरचे किती जण बॉलच्या मागे आहेत, एवढंच मोजायचं. नऊ-दहा जण असतील तर निदान झालं.

मग शॉट मॅप उघडा. समजा आकडे असे आहेत: तुमचे २६ शॉट, एक्सजी (शॉटच्या दर्जावरून अपेक्षित गोल) ०.९. त्यांचे तीन शॉट, एक्सजी ०.५, एक गोल. लोक २६ बघून ‘गेमने फसवलं’ म्हणतात. ०.९ बघा. म्हणजे सरासरी शॉटला गोल होण्याची शक्यता चार टक्केही नव्हती. नकाशावर बहुतेक ठिपके बॉक्सच्या बाहेर किंवा गर्दीतल्या हेडरचे असतील. हा दुर्दैवाचा नकाशा नव्हे, हा अडलेल्या टीमचा नकाशा आहे. याच्या उलट, तुमचा एक्सजी २.८ असेल आणि गोल शून्य, तर टॅक्टिकला हात लावू नका. ती मॅच विसरा आणि पुढे चला. एका मॅचवरून काहीच ठरवू नका, डेटा हबमध्ये गेल्या पाच-सहा मॅचचा एक्सजी चढतोय की उतरतोय ते पाहा.

आता अडलेल्या टीमवर उपाय. इथे जवळपास प्रत्येकाचा हात पहिल्यांदा मेंटॅलिटीकडे (टीमने किती आक्रमक खेळायचं त्या सेटिंगकडे) जातो: ‘पॉझिटिव्ह’चं ‘अटॅकिंग’, मग ‘व्हेरी अटॅकिंग’. नेमकं याने दुखणं वाढतं. मेंटॅलिटी वाढवली की तुमचे सगळे आणखी वर सरकतात, पास आणखी घाईने होतात, आणि आधीच गच्च भरलेल्या बॉक्समध्ये आणखी चार माणसं घुसतात. दादर स्टेशनवर संध्याकाळी विरारच्या डब्यात शिरायचा प्रयत्न करतोय तसं.

उलटं करा. मेंटॅलिटी एक पायरी खाली, ‘बॅलन्स्ड’. टेम्पो थोडा कमी. ‘पास इंटू स्पेस’ काढून टाका, कारण मागे स्पेसच नाही आणि तो बॉल थेट गोलकीपरच्या हातात जातो. ‘वर्क बॉल इंटू बॉक्स’ लावा, लांबून मारलेले फालतू शॉट कमी होतील. लाइन ऑफ एंगेजमेंट (समोरच्याला कुठून दाबायला लागायचं ती रेषा) ‘हाय प्रेस’वरून ‘मिड ब्लॉक’वर आणा म्हणजे समोरचा थोडा तरी बाहेर येईल. तो बाहेर आला की मागे जागा होते, ती वापरायला एक वेगवान माणूस पुढे असू द्या.

रोलमध्ये, म्हणजे खेळाडूंना दिलेल्या भूमिकांत, एक दोष फार दिसतो. दोन्ही विंगर ‘इनव्हर्टेड विंगर’ किंवा ‘इन्साइड फॉरवर्ड’, मधला शॅडो स्ट्रायकर, पुढे पोचर. चौघेही एकाच चौकोनात धावतात. एका बाजूला साधा ‘विंगर’ सपोर्टवर ठेवा, जो टचलाइनला चिकटून उभा राहील. समोरच्या पाचातला एक डिफेंडर त्याच्यासाठी बाहेर ओढला जातो आणि बाकीच्यांत फट पडते. ती फट ओळखून पास देणारा एक जण मागे हवा, ‘डीप लाइंग प्लेमेकर’ पुरतो. एवढ्या दोन बदलांनी जितकं सुधारतं तितकं इंटरनेटवरच्या ‘अजिंक्य’ टॅक्टिक डाउनलोड करून सुधारत नाही, असं माझं मत. त्या टॅक्टिक चालतात, नाही असं नाही. पण बिघडल्या की का बिघडल्या ते कळत नाही, कारण त्या तुम्ही बांधलेल्याच नसतात.

कॉर्नरवर गोल खाणं हे वेगळं प्रकरण. एफएम २४ मध्ये सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) भाग नव्याने केलाय आणि सेट पीस कोच नेमता येतो. खालच्या लीगमध्ये बरेच जण ती जागा रिकामीच सोडतात. बचावाच्या रूटीनमध्ये उंच, उडी चांगली असलेले दोन जण निअर पोस्ट आणि सहा यार्डच्या आसपास आहेत ना, एवढं तपासा.

तपासणी दोन: पाय संपले आहेत का

इंग्लंडमध्ये डिसेंबर म्हणजे मॅचचा पाऊस. बॉक्सिंग डे, न्यू इयर, मध्येच कप, जानेवारीत एफए कपचा तिसरा राउंड. सतत प्रेस करणारी टीम इथे मोडते. खेळाडूच्या कंडिशनचं (ताजेपणाचं) हृदयाचं चिन्ह हिरवं दिसतं म्हणून आपण फसतो. मॅचच्या दिवशीची कंडिशन वेगळी आणि आत साचलेला थकवा वेगळा. मेडिकल सेंटर उघडा, ‘ओव्हरऑल रिस्क’ कोणाकोणाचा लाल आहे पाहा. पहिल्या अकरातले चार-पाच जण लाल असतील तर कुठलीही टॅक्टिक चालणार नाही.

मॅचनंतरच्या दिवशी ‘रिकव्हरी’ सेशन आहे ना? आठवड्यात दोन मॅच असतील तर बाकी सगळं काढून रिकव्हरी, ‘मॅच प्रिव्ह्यू’ आणि विश्रांती एवढंच ठेवा. ट्रेनिंगच्या ‘रेस्ट’ विभागात थकलेल्यांसाठी तीव्रता आपोआप कमी होईल अशी सेटिंग करता येते, ती एकदाच करायची. लाल झालेल्यांना वैयक्तिक सुट्टी द्या. आणि २-० ने पुढे असाल तर साठाव्या मिनिटाला प्रेस उतरवा, बदली खेळाडू आणा. तिसऱ्या गोलाला वेगळे गुण नाहीत.

तपासणी तीन: ड्रेसिंग रूम

‘डायनॅमिक्स’ टॅब. बहुतेक जण इथे भांडण झाल्यावरच जातात. तीन गोष्टी बघा: कोहेजन (एकजूट), वातावरण, आणि तुम्ही दिलेली वचनं.

वचनांचं जरा सविस्तर सांगायला हवं. उन्हाळ्यात सौदा पटावा म्हणून आपण खेळाडूला ‘रेग्युलर स्टार्टर’ म्हणून सही करायला लावतो. एजंट हटून बसतो तेव्हा ‘इम्पॉर्टंट प्लेअर’सुद्धा लिहून देतो, कारण त्या क्षणी पगाराचे दोन हजार पाउंड वाचतात आणि वचन फुकटचं वाटतं. जानेवारीत ते वसूल होतं. तो बेंचवर असतो, ऑफिसात येऊन विचारतो, तुम्ही पुन्हा वचन देता. तो जर ‘टीम लीडर’ किंवा ‘हायली इन्फ्लुएन्शियल’ गटात असेल तर त्याच्या मागे अर्धा ग्रुप येतो, आणि ज्या मिडफिल्डरचा याच्याशी काही संबंध नाही त्याचंही मोराल पडतं. उपाय दोनच: त्याला खेळवा, किंवा त्याचा स्क्वॉड स्टेटस (टीममधलं ठरलेलं स्थान) खाली आणायची बोलणी आत्ता करा, जिंकत असताना. हरत असताना तीच बोलणी केली की बंड.

कोहेजन कमी दिसत असेल तर बहुधा एका ट्रान्स्फर विंडोमध्ये सात-आठ जण आणलेले असतात. आठवड्यात एखादं ‘टीम बाँडिंग’ नाहीतर ‘कम्युनिटी आउटरीच’ सेशन टाका. हळूहळू सुधारतं. आणि जानेवारीत आणखी चार जण आणून ते सुधारत नाही.

जानेवारीची खरेदी हा तर खास सापळा. स्ट्रायकर गोल करत नाही म्हणून नवा आणायचा. त्याचे विसापैकी फिनिशिंग १६, पेस १५ दिसतात. पण कन्सिस्टन्सी, मोठ्या मॅचमधला खेळ, दुखापतीची सवय हे आकडे लपलेले असतात. ते फक्त स्काउट आणि कोचच्या रिपोर्टमधल्या वाक्यांतून डोकावतात. आकडे बघून उडी मारण्यापेक्षा ती वाक्यं वाचा. ते आकडेही शेवटी माणसांनीच भरलेले आहेत. याच मालिकेचा पूर्वज असलेल्या जुन्या चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ मध्ये ‘टो मदेरा’ नावाचा पोर्तुगीज स्ट्रायकर होता, जगभरातल्या लोकांनी त्याला घेऊन गोलांचा पाऊस पाडला. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता.

टीम टॉक

हे थोडक्यात. सलग जिंकताना खेळाडू सुस्तावतात. मॅच चालू असताना त्यांच्या देहबोलीत ‘कम्प्लेसंट’ दिसतं. तेव्हा ‘छान चाललंय’ म्हणत बसू नका, जास्त मागा. उलट फॉर्म गेल्यावर रागावून काही साधत नाही, दडपण काढा. दर मॅचला एकच टीम टॉक क्लिक करायची सवय असेल तर ते काम असिस्टंटला द्या, तो निदान परिस्थिती बघून बोलतो.

टॅक्टिक कधी बदलावी

वरचं सगळं झाल्यावर. आणि बदललीत तर पाच मॅच तरी तशीच राहू द्या. टॅक्टिक स्क्रीनवर फॅमिलिअॅरिटीची (टॅक्टिक किती अंगवळणी पडली याची) पट्टी असते. दर हरलेल्या मॅचनंतर नवं फॉर्मेशन लावलं की ती पट्टी कधीच भरत नाही, आणि मग चांगली टॅक्टिकसुद्धा खराब दिसते. टॅक्टिक ठेवायला तीन जागा दिल्यात त्या वापरा: एक नेहमीची, दुसरी त्याच फॉर्मेशनची पण संथ, ‘बस उभी करणाऱ्या’, म्हणजे सगळे जण बचावात ठेवणाऱ्या टीमसाठी, तिसरी बलाढ्य टीमविरुद्ध. तिन्हींचं फॉर्मेशन शक्यतो एकच ठेवा म्हणजे सराव वाया जात नाही.

रीलोडचा एक प्रामाणिक उपयोग

हरल्यावर सेव्ह पुन्हा उघडून तीच मॅच खेळणं याला आपण चोरी म्हणतो आणि गुपचूप करतोही. पण निदानासाठी ते उपयोगी आहे. मॅचआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा. त्या कॉपीत तीच टीम, तीच टॅक्टिक घेऊन मॅच चार-पाचदा खेळा, फक्त कॉमेंट्रीवर. निकाल दर वेळी वेगळा येतो. पाचातल्या चार जिंकलात तर तुमचं सगळं ठीक आहे, खरी मॅच दुर्दैवाने गेली. पाचातल्या चार अडकल्या तर वर जा आणि तपासणी एकपासून सुरू करा. मग ती कॉपी डिलीट करा. ठेवलीत तर त्यातल्या ३-० वरून पुढे जायचा मोह आवरणार नाही.

रात्री दोनचा प्रश्न

हा भाग गमतीने घेऊ नका, कारण वरचे अर्धे बिघाड इथून येतात. कॅप्टनला ट्रान्स्फर लिस्टवर टाकणं, एका बैठकीत सहा रोल बदलणं, बोर्डाला धमकी देऊन नोकरी घालवणं: हे निर्णय कोणी रविवारी दुपारी चहा पीत घेत नाही.

१९८२ मध्ये केव्हिन टॉम्सने ‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाचा, पण वेगळा गेम काढला. १९९२ मध्ये कॉलियर बंधूंचा चॅम्पियनशिप मॅनेजर आला, तेव्हा मॅच म्हणजे पडद्यावर सरकणारी वाक्यं होती. थ्रीडी मॅच यायला एफएम २००९ उजाडलं. म्हणजे वर्षानुवर्षं लोक नुसत्या अक्षरांवर रात्री काढत होते. खिळवून ठेवणारी गोष्ट ग्राफिक्स नव्हे, ‘कंटिन्यू’चं बटण आहे. एक क्लिक, आणि काहीतरी अर्धवट असतंच: बोलीचं उत्तर उद्या, स्काउटचा रिपोर्ट परवा, मॅच शनिवारी, मार्चमध्ये युथ इनटेक (अकादमीतली नवी मुलं). गेम कुठेच ‘आता थांब’ म्हणत नाही. शिवाय का हरलो ते तो पुरतं सांगत नाही, पण अंदाज बांधता येईल इतपत सांगतो. म्हणून हरल्यावर उठणं जिंकल्यावर उठण्यापेक्षा अवघड. माझ्या मते या गेमची चटक आणि या गेमचा संताप एकाच ठिकाणाहून येतात, आणि एक घालवून दुसरी ठेवता येणार नाही.

तरी काही जमतं. मॅच संपल्यावर थांबायचं ठरवू नका, तेव्हा डोकं तापलेलं असतं. मॅचच्या दोन दिवस आधीच्या कोरड्या, नुसत्या ट्रेनिंगच्या दिवशी सेव्ह करून उठा. हरलात तर त्या बैठकीत टॅक्टिकला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लावा. पत्रकार परिषदा असिस्टंटला देऊन टाका, तेच तेच प्रश्न आणि तीच तीच उत्तरं, त्यात मोठा वेळ जातो. डेडलाइन डे (ट्रान्स्फर विंडोचा शेवटचा दिवस) आठवड्याच्या मधल्या रात्री सुरू करू नका. तो तासातासाने पुढे सरकतो, आणि सकाळी नऊची मीटिंग तुमची आहे, क्लबची नाही.

लॅपटॉप रेंगाळत असेल तर

‘कंटिन्यू’ दाबल्यावर चहा होईपर्यंत थांबावं लागत असेल तर लीग जास्त घेतल्या आहेत. चालू लीग कमी करा, बाकीच्या ‘व्ह्यू ओन्ली’ (फक्त बघण्यापुरत्या). नवा सेव्ह असेल तर डेटाबेस ‘स्मॉल’. सुरुवातीलाच गेम स्वतः किती वेगात चालेल त्याचे तारे दाखवतो, ते खोटं बोलत नाहीत. मॅच अडखळत असेल तर ग्राफिक्स कमी करा, नाहीतर सरळ टूडीवर या. डोळ्यांना रुक्ष वाटतं, पण टीमचा आकार थ्रीडीपेक्षा टूडीत जास्त स्वच्छ दिसतो.

आणि जिथे वीज केव्हाही जाते तिथे डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी ‘रोलिंग सेव्ह’ (आळीपाळीने वेगवेगळ्या फाइलींत सेव्ह) चालू ठेवाच. सेव्ह होत असताना वीज गेली की फाइल बिघडते आणि अकरा हंगाम एका झटक्यात जातात. तीन फाइलींचं रोलिंग असेल तर फार तर आठवड्याचं नुकसान.

एफएम २६ वाल्यांसाठी

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २६ मध्ये बॉल आपल्याकडे असतानाचं आणि नसतानाचं फॉर्मेशन वेगवेगळं लावता येतं. त्यामुळे वरची पहिली तपासणी दोन भागांत करा. बस फोडायची असेल तर फक्त बॉल असतानाच्या आकाराला हात लावा: रुंदीला एक माणूस, मागे एक पासर. बॉल नसतानाचा आकार नीट चालत असेल तर तसाच ठेवा. गोल होत नाहीत म्हणून दोन्ही आकार एकदम बदलले की नेमकं कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. थकवा, वचनं आणि ड्रेसिंग रूमच्या तपासण्या मात्र जशाच्या तशा लागू.